सलीमला लाच घेऊ द्या

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमारा नावाचा मुलूख आहे. दगडी कुंपणं, सतत पाऊस, समुद्र, आणि घरात अजून आयरिश भाषा बोलणारी माणसं. 'द गार्ड' (२०११) हा सिनेमा तिथं सुरू होतो. काही तरुण पोरं भरधाव गाडीतून पोलिसाच्या समोरून निघून जातात आणि पुढच्या वळणावर आपटून मरतात. तो पोलीस, सार्जंट गेरी बॉयल, सावकाश चालत तिथवर जातो. एका मेलेल्या पोराचे खिसे चाचपतो, त्यात नशेची गोळी सापडते, ती स्वतःच्या जिभेवर ठेवतो आणि म्हणतो की काय झकास दिवस उगवलाय आज.

ही झाली सिनेमाची सुरुवात. पुढं कळतं की बॉयल कामचुकार आहे, तोंडाचा फाटका आहे, सुटीच्या दिवशी वेश्यांसोबत रमतो. मरणाला टेकलेल्या आईला मात्र न चुकता भेटायला जातो. आणि पन्नास कोटी डॉलरचं कोकेन किनाऱ्यावर उतरणार असतं तेव्हा वरपासून खालपर्यंत सगळं खातं विकलं गेलेलं असताना हा एकच माणूस विकला जात नाही. का विकला जात नाही याचं भाषण तो देत नाही. दिग्दर्शक जॉन मायकल मॅकडॉना त्याच्या तोंडी तसलं काही घालतही नाही.

आता या सार्जंटचं नाव गेरी बॉयल ऐवजी सलीम शेख ठेवून पाहा. कॉनेमारा नको, जुन्नर तालुका घ्या. गोळी तीच, बेफिकिरी तीच, आईची माया तीच आणि शेवटची हिंमतही तीच. हा सिनेमा दुसऱ्या दिवशी थिएटरमधून उतरेल. उतरवणाऱ्यांत दोन्ही बाजूंची माणसं असतील. एक बाजू म्हणेल, मुसलमानाला नायक केलंच कसं. दुसरी म्हणेल, आमच्या माणसाला असा दाखवलाच कसा. पहिल्या बाजूशी भांडणारे लेख या ब्लॉगवर पुष्कळ आहेत. आज मला दुसऱ्या बाजूशी, म्हणजे आपल्या घरातल्यांशी भांडायचं आहे.

आधी सिनेमातल्या जोडीबद्दल. कोकेनच्या तपासासाठी अमेरिकेतून एफबीआयचा अधिकारी येतो, वेंडेल एव्हरेट. काळा माणूस, शिकलेला, शिस्तीचा, टापटीप. (ब्रेंडन ग्लीसन बॉयल झालाय, डॉन चीडल एव्हरेट.) पहिल्याच बैठकीत एव्हरेट तस्करांचे फोटो दाखवतो, तर बॉयल भर सभेत विचारतो की ड्रग्जवाले तर काळे असतात ना, हे गोरे कसे? सगळे अवघडतात. कुणीतरी झापतो तेव्हा तो निरागसपणे सांगतो की मी आयरिश आहे, वंशवाद हा आमच्या संस्कृतीचाच भाग आहे. पुढं एव्हरेट म्हणतो की हा माणूस पक्का मूर्ख आहे की पक्का हुशार, हेच मला ठरवता येत नाही. प्रेक्षकालाही ते शेवटपर्यंत ठरवता येत नाही, आणि सिनेमाची खरी मजा त्यातच आहे.

एव्हरेट एकटाच गावात चौकशीला फिरतो तो प्रसंग मी दोनदा पाहिला. दारोदार जातो, इंग्रजीत प्रश्न विचारतो, आणि गावकरी त्याला आयरिशमध्ये उत्तरं देतात किंवा नुसतं बघत राहतात. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रसंग नुसता विनोदी वाटणं शक्य नाही. ज्यांच्या भाषेला शेकडो वर्षं इंग्रजांनी हिणवलं, ती माणसं आता तीच भाषा काठीसारखी वापरतायत. वापरतायत कुणावर, तर जगात आपल्याइतकाच हिणवला गेलेला असेल अशा एका काळ्या माणसावर. सिनेमा यावर काही बोलत नाही, दाखवतो आणि पुढं जातो.

आणि हा बॉयल आभाळातून पडलेला नाही. लंडनच्या रंगमंचावर काही शतकं 'आयरिश माणूस' नावाचं एक ठरलेलं सोंग होतं. दारुडा, बडबड्या, भांडखोर, मनानं प्रेमळ पण डोक्यानं रिकामा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी व्यंगचित्रांत तर आयरिश माणसाला माकडाच्या तोंडाचा काढायचे. मॅकडॉनानं तेच सोंग उचललं. ते धुऊन स्वच्छ केलं नाही. दारू तशीच ठेवली, तोंडाळपणा तसाच ठेवला, फक्त त्या डोक्यात मेंदू घातला आणि छातीत आई घातली. 'आम्ही आयरिश लोक असे नाही हो' असं सांगत बसण्यापेक्षा हे किती तरी मोठं उत्तर आहे.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नसावी. हिंदी सिनेमानं मराठी माणसाला काय दिलं? पुरुषाला हवालदाराची टोपी आणि बाईला झाडू. इन्स्पेक्टर विजय नाहीतर रवी, आणि त्याच्यामागं 'जी साहब' म्हणत धावणारा, पोट सुटलेला एक पांडुरंग. मुंबईत 'पांडू' ही पोलीस शिपायाला द्यायची शिवीच झाली. मराठी माणसानं यावर काय केलं? वर्तमानपत्रांत पत्रं लिहिली असतील, पण सगळ्यात जोरदार उत्तर दादा कोंडक्यांनी दिलं. त्यांनी १९७५ साली सरळ 'पांडू हवालदार' नावाचाच सिनेमा काढला. शिवी होती तीच पाटीवर रंगवली. पांडू भोळा आणि सखाराम बेरकी अशी हवालदारांची विजोड जोडी. सखाराम झाला होता अशोक सराफ, आणि तिथूनच त्याची गाडी सुटली. पोलिसातला मराठी माणूस किती सद्गुणी असतो हे दादांनी त्यात सिद्ध केलं नाही. टोपी वाकडी, चड्डी सैल, जीभ त्याहून सैल. पण कॅमेरा पहिल्यांदा हवालदाराच्या बाजूनं उभा राहिला आणि इन्स्पेक्टर मागं गेला.

दादांकडं हे आलं कुठून? वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधल्या हवालदाराकडून, आणि ते लोकनाट्य आलं तमाशाच्या वगातून. इथं आमच्या मातीचा थोडा तोरा मिरवू द्या. मी वारूळवाडीत राहतो, आणि वारूळवाडी-नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथं राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात, आणि टोमॅटोच्या पिकअप आणि तमाशाचे ट्रक एकाच रस्त्यावर अडकतात. इथं राहणाऱ्याला बतावणी म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. गवळणीत सोंगाड्या आणि मावशी मिळून खुद्द किसनदेवाची फिरकी घेतात. वगात राजा मूर्ख असतो, प्रधान लबाड, पाटील बाईलवेडा, हवालदार पैसेखाऊ. ज्याची थट्टा होते तो त्या जगातला असतो. ज्याची थट्टा करायला सोंगाड्या कचरतो तो पाहुणा असतो. पाहुण्याला आपण चहा देतो, 'बसा ना' म्हणतो, त्याच्यासमोर मोठ्यानं भांडत नाही, आणि तो गेल्यावर मोकळा श्वास घेतो.

या मंचावर मुसलमान पाहुणा नव्हता. पेशवाईतला नावाजलेला शाहीर सगनभाऊ हा जेजुरीचा मुसलमान शिकलगार. त्याच्या लावण्या शृंगाराच्या, आणि त्या गाताना त्यानं कुणाला चारित्र्याचा दाखला दाखवल्याचं ऐकिवात नाही. दीडशे वर्षांनी बार्शीच्या मेहबूब पटेलचा अमर शेख झाला, आणि त्यानं डफावर थाप मारून महाराष्ट्र मागितला. हे दोघंही 'चांगले मुसलमान' म्हणून उभे नव्हते. एक रंगेल होता, दुसरा कम्युनिस्ट. आजच्या आपल्या प्रतिमा-सांभाळू मंडळींनी दोघांनाही व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकलं असतं.

आता पडद्यावरचा आपला माणूस बघा. 'पांडू हवालदार' आला त्याच १९७५ सालात 'शोले' आला. त्यातले रहीम चाचा आठवा. आंधळे, इमाम, पांढरी दाढी. तरुण पोराचं प्रेत दारात येतं आणि चाचा विचारतात की गावावरून ओवाळून टाकायला खुदानं मला आणखी मुलगे का दिले नाहीत. सगळं थिएटर रडलं, आमचे अब्बाही रडले असणार. पण थोडं थांबून विचार करा. त्या गावात वीरूला दारू पिऊन पाण्याच्या टाकीवर चढायची मुभा आहे. बसंतीला अखंड बडबडायची मुभा आहे. सूरमा भोपालीला थापा मारायची, जेलरला वेडेपणा करायची मुभा आहे. रहीम चाचांना मात्र पोराच्या प्रेतासमोरसुद्धा बाप म्हणून ओरडायची मुभा नाही. तिथंही त्यांना आधी गावाचा हिशेब द्यायचा आहे.

(हे लिहिलं कुणी? सलीम आणि जावेदनी. त्याच दोघांनी त्याआधी १९७३ साली 'जंजीर'मध्ये शेरखान लिहिला होता. जुगाराचा अड्डा चालवणारा, गुर्मीतला पठाण, जो इन्स्पेक्टरच्या डोळ्याला डोळा भिडवतो. तो माणूस अजून लक्षात आहे. पण त्यालाही इन्स्पेक्टरच्या दोस्तीखातर धंदा सोडून सुधारावं लागलंच.)

मग १९९९ सालचा 'सरफरोश'. आपल्या मंडळींचा हा फार लाडका सिनेमा. स्टाफरूममध्ये विषय निघाला की कुणीतरी इन्स्पेक्टर सलीमचं नाव घेतंच. सलीमवर संशय येतो, त्याला तपासातून बाजूला केलं जातं. एसीपी राठोड त्याला सुनावतो की देश वाचवायला मला कुठल्या सलीमची गरज नाही. सलीम जखमी मनानं का होईना, स्वतःच्या बळावर खबर काढून आणतो आणि सांगतो की पुन्हा कुठल्या सलीमला हा देश त्याचं घर नाही असं म्हणू नका. मुकेश ऋषीनं काम उत्तम केलंय, प्रसंगही खरा आहे. असं रोज कुणाला ना कुणाला ऐकावं लागतं. माझी तक्रार वेगळी आहे. या प्रसंगानंतर सलीम माणूस म्हणून संपतो. त्याला बायको काय म्हणते, तो ड्युटीवर झोपतो का, त्याला कुठला विनोद आवडतो, हे आपल्याला कधीच कळत नाही. तो परीक्षेला बसला, पास झाला, प्रमाणपत्र घेऊन बाजूला झाला. राठोडला मात्र अख्खं आयुष्य आहे. प्रेम आहे, भाऊ आहे, राग आहे, चुका आहेत. २०२१च्या 'सूर्यवंशी'त तर दिग्दर्शकानं वर्गवारीच करून टाकली, वाईट मुसलमान इकडं आणि चांगले तिकडं. साधा मुसलमान बसायला मधे बाकच ठेवला नाही.

'द गार्ड'च्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट म्हणजे 'पाताल लोक'. २०२०मध्ये आली. दिल्लीतल्या जमनापारच्या ठाण्यातला हाथीराम चौधरी म्हणजे ढेरीवाला, शिवराळ, नोकरीत मागं पडलेला, पोरावर हात उचलणारा आणि नंतर रडवेला होणारा माणूस. त्याच्या जोडीला तरुण इमरान अन्सारी. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, इस्त्रीच्या कपड्यातला, मऊ बोलणारा. ठाण्यातले सहकारी त्याच्यासमोर त्याच्या धर्मावर टोमणे मारतात आणि तो गिळून टाकतो. मालिका चांगलीच आहे, मी एका बैठकीत पाहिली. अन्सारी पाहताना पोटात कालवतं, कारण तो आपण असतो. एसटीत, बँकेत, लग्नाच्या पंगतीत आपण असेच गिळतो. पण हाथीराम हा बॉयल आहे आणि अन्सारी हा एव्हरेट आहे, हेही लक्षात घ्या. मजा, पाप, पश्चात्ताप, शेवटची उडी, सगळी मेजवानी एकाच्या पानात, आणि दुसऱ्याच्या पानात नुसती अब्रू. मॅकडॉनाच्या सिनेमातही हा दोष आहेच. एव्हरेटला वैतागायला दिलंय, बिघडायला दिलेलं नाही. 'पाताल लोक'च्या दुसऱ्या भागात (२०२५) अन्सारी आयपीएस झालाय, त्याला एक लपवलेलं खासगी आयुष्यही दिलंय. वाटलं, चला, आता हा माणूस उलगडणार. आणि मारून टाकला. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी माफ करावं.

मराठी हवालदाराला मात्र तोवर न्याय मिळाला होता. २०१८च्या 'सेक्रेड गेम्स'मधला काटेकर, म्हणजे जितेंद्र जोशी, आठवा. एक मुसलमान आई हरवलेल्या पोराची तक्रार घेऊन ठाण्यात खेटे घालते, आणि काटेकर तिला उडवून लावतो, कारण तिच्या वस्तीबद्दल त्याच्या मनात अढी आहे. घरी बायको एक शब्द बोलते आणि तो त्याला रात्रभर टोचतो. पूर्वग्रह असलेला, तरीही आतून चांगला असलेला मराठी हवालदार. हा पांडूचा नातू. मी मुसलमान आहे, त्याची अढी माझ्यासारख्यांबद्दलच आहे, तरी मला तो माणूस आवडतो. कारण तो पूर्ण आहे. मला त्याच्या शेजारी तेवढाच पूर्ण सलीम बसलेला बघायचाय.

इथवर आपली मंडळी मान डोलवतील. भांडण आता सुरू होतं.

मी शिकवतो त्या शाळेत स्नेहसंमेलनाला दरवर्षी एक विनोदी नाटुकलं होतं. पोरंच लिहितात, मी शुद्धलेखन बघतो. एका वर्षी पोरांनी चोर-पोलिसाचं नाटुकलं लिहून आणलं. वर्गात बहुतेक मुलं मुसलमान. हवालदाराचं नाव पांडू. चोराचं नाव अब्दुल. मी विचारलं, "का रे, उलट का नाही?" एकजण लगेच म्हणाला, "सर, हवालदार पांडूच असतो." दुसरा जरा विचार करून म्हणाला, "सर, अब्दुल हवालदार केला तर लोक हसणार नाहीत. त्यांना वाटेल काहीतरी देशभक्तीचं चाललंय."

चौदा वर्षांच्या पोराचं हे वाक्य आहे. सिनेमावर लिहिणाऱ्या कित्येकांना जमणार नाही असं.

मी म्हटलं, करूनच बघू. हवालदार अब्दुल झाला, चोर दुसरंच काहीतरी. अब्दुलभाई भर स्टेजवर पान खातो, चोराकडून वीस रुपये घेतो, सुटे नाहीत म्हणून दहा परत देतो, आणि शेवटी चोर पळून जातो तेव्हा 'माझे दहा' म्हणत त्याच्या मागं धावतो. सभागृह फुटलं. वारूळवाडीचे, नारायणगावचे, जुन्नरचे, सगळ्या जातीधर्माचे पालक पोट धरून हसले. मागच्या रांगेतले एक आजोबा उभं राहून शिट्टी मारत होते.

दुसऱ्या दिवशी एक पालक भेटायला आले. भले गृहस्थ, भाजी मार्केटमध्ये आडतीला काम करतात. सलाम-दुआ झाली आणि म्हणाले, "सर, नाराज होऊ नका, पण आपलाच पोलीस आणि आपलाच लाचखोर? बाहेरचे काय कमी बोलतात का? एकदा तरी आपला माणूस पोलिसात दाखवला, तर नेक दाखवायचा ना."

मी त्यांना काय बोललो ते थोडक्यात सांगतो, कारण तोच हा लेख आहे. म्हटलं, चाचा, नेक माणूस दाखवायला माझी ना नाही. पण तुम्ही ज्याला नेक म्हणताय तो माणूस नाही, तो दाखला आहे. दाखला कोण मागतं? ज्याला शंका आहे तो. आपण स्वतःहून रोज दाखला पुढं करत राहिलो, तर शंका बरोबर आहे असं आपणच म्हणतोय. पांडू लाच घेतो तेव्हा कुणी म्हणत नाही की मराठे बेईमान आहेत किंवा हिंदू बेईमान आहेत. म्हणतात, पांडू लबाड आहे बेटा. काल रात्री तासभर का होईना, सगळी माणसं म्हणत होती की अब्दुल लबाड आहे बेटा. त्यात त्याची जमात कुणाला आठवली नाही. ही गोष्ट वीस रुपयांत मिळाली तर स्वस्तच की.

चाचा हसले, पण त्यांना पटलं नाही. आपल्यातल्या बहुतेकांना पटत नाही. मुस्लिम पात्र आलं रे आलं की आपण परीक्षकाच्या खुर्चीत बसतो. दाढी नीट आहे ना, नमाज दाखवली ना, बाटली हातात दिली नाही ना. आणि पात्र पास झालं की 'पॉझिटिव्ह इमेज' म्हणून लिंक फॉरवर्ड करतो. हे काम तर ते 'सूर्यवंशी'वालेही करतात, चाळणी तेवढी वेगळी.

चांगल्या प्रतिमेचा प्रत्यक्षात काय उपयोग झाला तेही बघू. 'शोले'पासून 'सरफरोश'पर्यंत पंचवीस वर्षं पडद्यावर आपला माणूस बलिदानच देत होता. त्याच काळात १९९२-९३ची मुंबई घडली, आणि श्रीकृष्ण आयोगानं १९९८ साली पोलिसांच्या पक्षपातावर बोट ठेवलं, ३१ पोलिसांना दोषी धरलं. सच्चर समितीनं २००६मध्ये नोंदवलं की पोलिसांत मुस्लिमांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानानं कमी आहे. मुस्लिमबहुल भागांत विश्वास वाटावा म्हणून किमान एक मुस्लिम अधिकारी ठेवावा, अशीही सूचना पुढं आली. हेतू नेकच होता, पण त्यातही सलीम पुन्हा विश्वासाचा ठसा म्हणूनच. २०१९मध्ये कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएसनं २१ राज्यांतल्या जवळपास १२ हजार पोलिसांशी बोलून एक अहवाल काढला. मुसलमान मुळातच गुन्ह्याकडं झुकलेले असतात असं कमीअधिक प्रमाणात मानणारे पोलीस त्यात निम्म्याच्या आसपास निघाले. या निम्म्यांनी रहीम चाचा पाहिले नसतील असं नाही. 'सरफरोश'ला टाळ्याही वाजवल्या असतील. रहीम चाचांना त्यांनी अपवादाच्या फडताळात ठेवलं आणि आपल्या गल्लीतल्या अब्दुलबद्दलचं मत होतं तसंच ठेवलं. दाखल्याचं हेच होतं. दाखला त्या एकट्याचा असतो, बाकीच्यांची शंका तशीच राहते.

मला माहीत आहे, कुणी म्हणेल की सर, थट्टेचं म्हणाल तर आमची थट्टा रोजच होते. पंक्चरवाला अब्दुल, चार बायका, वीस पोरं. खरं आहे, आणि त्या थट्टेचं मी समर्थन करत नाहीये. त्या विनोदातल्या अब्दुलला टोपी आहे, चेहरा नाही. त्याला आई नाही, सुट्या पैशांची चिंता नाही, गुडघेदुखी नाही. तो विनोद सांगणाऱ्याला एकाही अब्दुलच्या घरचा चहा माहीत नसतो. सोंगाड्या पाटलाची टर उडवतो तेव्हा त्याला पाटलाच्या वाड्यातलं मांजरसुद्धा ठाऊक असतं. म्हणूनच आपली थट्टा आपण लिहिली पाहिजे. दुसऱ्यानं लिहिली की पंक्चर, आपण लिहिली की पांडू. आयरिश माणसाचं सोंग इंग्रजांनी लिहिलं तोवर ते माकड होतं. मॅकडॉनानं लिहिलं तेव्हा बॉयल झाला.

आणि भीतीचं म्हणाल, तर ती मलाही आहे. मी भोळा नाही. आज कुणी मुसलमान हवालदाराला पैसे खाताना दाखवलं तर त्यातली पंधरा सेकंदं कापून उद्या ती कुठल्या मजकुरासह फिरतील हे मला समजतं. पण या भीतीपोटी आपण आपल्याच पोरांना दोनच वेश दिलेत, अतिरेकी आणि फरिश्ता. ते पोरगं सकाळी पाचला उठून हायवेच्या कडेनं पोलीस भरतीसाठी पळतं. हायवेवर ट्रक अंगावर येतात, उसात बिबट्या असतो, तरी पळतं. त्याला फरिश्ता नाही व्हायचं. त्याला शिपाई व्हायचंय, क्वार्टर घ्यायचंय, अम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय, आणि वर्ष-दोन वर्षांनी बाकीच्या शिपायांसारखं बंदोबस्ताला कंटाळायचंय. कंटाळायचा हक्क त्यालाही हवा. त्याला एकदा उशीर झाला तर साहेबांनी 'आळशी आहेस लेका' म्हणावं, दुसरं काही म्हणू नये.

(जाता जाता आणखी एक. 'सर, तुम्ही मुस्लिम असून मराठी किती शुद्ध बोलता' असं मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. माणसं प्रेमानं म्हणतात, मीही हसतो. पण माझ्या आजोबांच्या आजोबांची कबर जुन्नरला आहे. मी मराठी नाही बोलणार तर काय स्वाहिली बोलणार? हाही दाखलाच. न मागता मिळालेला.)

तर सिनेमावाल्या कुणी हे वाचत असेल, तर त्याला एक पात्र फुकट देतो.

हवालदार रशीद अत्तार, नारायणगाव. वय पंचावन्न, पोट सुटलेलं, बुलेट जुनी, मिशी मेंदीनं लाल. रमजानचे तीस रोजे कडक, उरलेले अकरा महिने बसस्टँडवरचा वडापाव फुकट. टोमॅटोच्या ट्रकवाल्यांकडून पैसे घेत नाही, कॅरेट घेतो, आणि बायको दररोज टोमॅटोच्या चटणीवरून भांडते. तमाशाच्या राहुटीत बंदोबस्ताला जातो तो खुर्ची पहिल्या रांगेत टाकून, आणि मावशी भर बतावणीत त्याचं नाव घेऊन त्याची सालटी काढते. दरवेळी तो लाजतो. टोमॅटोच्या कॅरेटखालून गांजा चाललाय आणि त्यात साहेबांचा हिस्सा आहे हे त्याला गेल्या दिवाळीपासून माहीत आहे. पण साहेबांचा फोन आला की त्याचा कान बरोबर तेव्हाच दुखतो. मग दिल्लीहून तपासाला एक तरुण अधिकारी येतो. सुटाबुटातला, तिवारी नाहीतर भटनागर. पहिल्याच दिवशी जीपमध्ये बसताना तो अदबीनं म्हणतो, "अत्तारजी, आपकी कम्युनिटी से बहुत अच्छे लोग आते हैं फोर्स में."

रशीदभाई गाडीला किक मारत विचारतात, "साहेब, तुमचं लग्न झालंय का? नाही, गाडी ढकलायला लागंल, म्हणून विचारलं."